सरचूच्या अलीकडे

सरांनी प्रवासवर्णन मागितले. पण गेल्या जूनमध्ये मनाली-लेह रस्त्यावर मी प्रवासी नव्हतो. मोटारसायकलींच्या सहलीत मामा मेकॅनिक, मी पाने देणारा. वाटाड्या सर्वांत पुढे, आमचा टेम्पो मागे. विरळ हवेत कार्ब्युरेटरच्या गाडीला पेट्रोल जास्त होते, ती काळा धूर सोडते. मामा लहान जेट बसवतात. माणसाला जेट नाही! डोके ठणकून ओकाऱ्या सुरू झाल्या, तर खालीच उतरावे लागते. पण सुमारे ४,२०० मीटरवरच्या सरचूहून कोणत्याही बाजूला उतरायचे, तर आधी त्याहून उंच खिंड चढावी लागते. म्हणून पारख अलीकडे, जिस्पालाच होते. तिथे एका पाहुण्याचे डोके दुखत होते, तरी "पैसे भरलेत" म्हणून तो हटून बसला. वाटाड्याने किल्ली काढून घेतली. त्याची मोटारसायकल टेम्पोत मीच चढवली. तो माझ्याकडे बघेना.