दहाव्या मजल्यावर कोळी कसा पोहोचतो?

बंगळुरूच्या मारतहळ्ळी भागातील उंच इमारतींच्या दहाव्या मजल्यावरही बाल्कनीच्या कोपऱ्यात जळमटे धरतात, कारण तेथे पोहोचण्यासाठी कोळ्याला भिंतच चढावी लागते असे नाही. अनेक जातींची पिल्ले गवताच्या शेंड्यावर जाऊन पाय ताठ करतात, पोट वर उचलतात आणि पोटाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म तोट्यांतून रेशमाचे तंतू हवेत सोडतात. तंतूंना पुरेशी ओढ मिळाली, की पिल्ले पतंगासारखी उचलली जातात. १८३२ मध्ये किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर दूर असलेल्या ‘बीगल’ जहाजावर असे कोळी उतरल्याचे डार्विनने नोंदवले. त्याहून विलक्षण म्हणजे, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या प्रयोगांत, हवा स्थिर असतानाही निव्वळ विद्युतक्षेत्रामुळे, म्हणजे वातावरणात एरवीही असणाऱ्या विद्युतभाराच्या ओढीमुळे, कोळी वर उचलले गेले.