निवट्याच्या बिळातील हवा

ओहोटीच्या वेळी आपण खाडीच्या काठी उभे राहिलो, की चिखलावर बोटभर लांबीचे, डोक्यावर फुगीर डोळे असलेले प्राणी सरपटताना आणि मध्येच टुणकन उडी मारताना दिसतात. नवख्याला ते बेडूकच वाटतात. प्रत्यक्षात तो मासा आहे. कोकणात त्याला कुणी निवटा म्हणतात, कुणी निवटी.

पाण्याबाहेर काढलेला मासा तडफडून मरतो, असे आपण वर्गात सांगतो. हवेत त्याच्या कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि प्राणवायू शोषण्यास पुरेसा पृष्ठभाग उरत नाही. मग निवटा कसा जगतो? तो तोंडात व कल्ल्यांच्या पोकळीत हवा धरून ठेवतो. शिवाय त्याच्या ओल्या त्वचेतूनही प्राणवायू रक्तात जातो. त्वचा सुकली तर श्वसन मंदावेल, म्हणून तो अधूनमधून चिखलात लोळतो. पुढचे दोन पर तो कुबड्यांसारखे टेकत चालतो. काही जाती चिखलावरील सूक्ष्म शैवालाचा थर खरवडून खातात, तर काही किडे आणि लहान खेकडे पकडतात.

निवट्याचे घर म्हणजे चिखलातले बीळ. शत्रू दिसला की तो त्यात शिरतो. मादी अंडीही तेथेच घालते. पण येथे एक कोडे निर्माण होते. चिखलातील जीवाणू प्राणवायू वापरून टाकतात, त्यामुळे बिळातल्या पाण्यात तो जवळजवळ नसतोच. मग अंडी गुदमरत कशी नाहीत?

जपानमधील अत्सुशी इशिमात्सु व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोडे उलगडले. बीळ खाली जाऊन टोकाला पुन्हा वर वळते. या वरच्या कप्प्यात हवा साठते आणि अंडी त्याच्या छताला व भिंतींना चिकटवलेली असतात. ही हवा आपोआप येत नाही. नर बाहेर येऊन तोंडात हवा भरतो, आत जातो व ती कप्प्यात सोडतो. अशा असंख्य खेपा तो करतो.

याहून मोठे नवल पुढे आहे. अंडी हवेत वाढतात खरी, पण पिल्ले पाण्यात पोहणारी असतात आणि अंडी पाण्यात बुडाल्याशिवाय फुटत नाहीत. मग पाणी कोण आणते? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की अंडी पक्व झाल्यावर रात्रीच्या चढत्या भरतीला नर उलटे काम सुरू करतो. तो कप्प्यातील हवा तोंडात घेऊन बाहेर टाकू लागतो. हवा कमी होते तसे पाणी वर चढते, अंडी बुडतात व पिल्ले बाहेर पडतात.

हे वर्गात सहज दाखवता येते. पाण्याने भरलेला काचेचा पेला बादलीतील पाण्यात उपडा धरा. वाकवलेल्या नळीचे टोक पेल्याखाली नेऊन फुंकर मारा. हवा वर साठते आणि पाणी खाली सरकते. आता नळीचे टोक हवेत नेऊन तोंडाने ती ओढून घ्या. पाणी पुन्हा वर चढेल. नर निवटा नेमके हेच करतो. पेला थोडा कलता केला तर काय होते, हे मुलांना आधी ओळखायला सांगावे.

कलत्या पेल्यातून हवा निसटते, तशीच बिळाचा आकार बिघडला तर अंड्यांची हवाही जाईल. बिळाला मऊ चिखल हवा आणि भरती-ओहोटीचे येणे-जाणे हवे. खाडीत मातीचा भराव पडला, की दोन्ही संपते. खारफुटीची कत्तल व त्यावरील भराव थांबवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. झाडे निदान नजरेत भरतात. झाडांपुढचा उघडा चिखल मात्र आपल्याला पडीक जागा वाटतो. ओहोटीला मुलांना काठावर, चिखलात न उतरवता, अर्धा तास शांत उभे करावे. त्या ‘पडीक’ जागेत किती बिळे दिसतात, ती त्यांनाच मोजू द्यावीत.