तळं किती बदकांचं?

कोकणात जागा घेणाऱ्यांच्या मनात परसातलं तळं आणि त्यात पोहणारी बदकं हमखास असतात. जागेत खरोखरच बारमाही पाण्याचं तळं निघालं, की पहिला फोन पिल्लं विकणाऱ्याला जातो. तो विचारतो, ‘किती देऊ?’ इथे हौसेला विचारू नये, तळं किती गुंठ्यांचं आहे ते बघावं.

माशांच्या तळ्यावर बदकं पाळायची पद्धत आपल्याकडे पूर्वेच्या राज्यांत चांगली रुळली आहे. तिथला हिशेब हेक्टरी २०० ते ३०० बदकांचा. म्हणजे गुंठ्याला दोन किंवा तीन! एवढ्यांची विष्ठा पाण्याला खत म्हणून पुरते; तिच्यातल्या नत्र-स्फुरदावर सूक्ष्म शेवाळ वाढतं आणि त्यावर मासे पोसतात. त्याच गुंठ्यात पंधरा बदकं सोडली, तर पाणी वाटलेल्या पालकासारखं हिरवं होतं. दिवसा प्राणवायू देणारं हे शेवाळ रात्री तोच ओढून घेतं आणि पहाटे मासे पाण्यावर तोंडं काढून तडफडताना दिसतात. पाणी बिघडवलेलं असतं बदकांनी, पण मेलेल्या माशांचा आळ बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या फवारणीवर जातो.

शिवाय बदकाची चोच स्वस्थ बसत नाही. काठाचा चिखल उकरायचा, कोवळं लव्हाळं उपटायचं, बेडकांची अंडी आणि गोगलगाई मटकवायच्या, हा तिचा दिवसभराचा उद्योग. गोगलगाई संपतात हे गुरं असलेल्या घराला फायद्याचंच, कारण गुरांच्या यकृतातल्या चपट्या कृमीचा प्रवास पाण्यातल्या गोगलगाईतूनच होतो. बेडकांचं मात्र वाईट वाटतं. निदान एका बाजूचा काठ जाळी मारून राखून ठेवावा, असं माझं मत.

अंड्यांसाठी बहुतेक जण खाकी कॅम्पबेल घेतात. विसाव्या शतकाच्या तोंडावर इंग्लंडमधल्या अडेल कॅम्पबेल यांनी ही जात तयार केली. नीट ठेवली तर मादी वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी देते, पण खुडूक बसायला फारशी राजी नसते. मग अंडी गावठी कोंबडीखाली ठेवायची. पिल्लं निघायला २८ दिवस लागतात. कोंबडीखाली किंवा यंत्रात निघालेली पिल्लं पहिले काही आठवडे तळ्यावर नेऊ नयेत. त्यांची लव भिजते, ती गारठतात आणि बुडतातसुद्धा.

बदक अंडं घालतं ते पहाटे ते सकाळी नऊच्या दरम्यान. खुराड्याचं दार सहाला उघडलं, तर अर्धी अंडी तळ्याच्या तळाशी. नऊला उघडावं. गवतात पांढरी अंडी पडलेली असतात, माद्या मोठ्याने क्वॅक-क्वॅक करत रांगेने पाण्याकडे निघतात आणि शेपटीवर वळलेलं पीस मिरवणारा नर घसा बसल्यासारखा घोगरा आवाज काढत मागून येतो. संध्याकाळी त्यांना आत हाकावं लागतं. कोंबड्यांसारखी ती आपणहून परततीलच असं नाही आणि कोल्ह्यांना अंधार पुरतो.

खाण्यात एकाच गोष्टीचं भय धरावं, ते बुरशीचं. १९६० साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी आणि बदकांची पिल्लं पटापट मेली. शोध घेतल्यावर खाद्यातली ब्राझीलची शेंगदाणा पेंड सापडली आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं. बदकांची पिल्लं त्याला फार हळवी असतात. कोकणातल्या जुलैत पेंडीचं किंवा मक्याचं पोतं दमट कोपऱ्यात किती दिवस टिकेल, ते सांगायला नको. थोडं-थोडं आणावं, कुबट वास आला की फेकावं.

दुसरा धोका उन्हाळ्यात. पाणी आटून काळा चिखल उघडा पडला आणि त्यात काही मेलेलं कुजत असलं, की बोट्युलिझमचे जंतू माजतात. त्यांच्या विषाने बदकाची मान लुळी पडते. अशा वेळी बदकं तळ्यापासून लांब, सावलीत कोंडावीत आणि डोळ्यांपर्यंत डोकं बुडेल एवढं स्वच्छ पाणी टबात भरून रोज बदलावं. पाऊस पडून तळं पुन्हा भरेपर्यंत त्यांचं तेवढ्यावर भागतं, अंडीही चालू राहतात.