तोतया साहेबाचा फोन

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा कित्येक वस्त्यांवर म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरेच उरलेली असतील. ट्रॅक्टर सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात, मालक गावी, आणि गाडीच्या नोंदणीत लिहिलेला मोबाइल क्रमांक कधी एजंटाचा, कधी पुतण्याचा. अशा वेळी फोन येतो, ‘ट्रॅफिक ब्रँचमधून बोलतोय. तुमच्या एमएच २३ गाडीवर चलान पडलंय.’ हे खोटे आहे असे गावातला माणूस कशाच्या आधारावर म्हणणार? गाडी तर खरोखरच रस्त्यावर आहे.

या फोनची घडण पाहण्यासारखी आहे. आधी गाडीचा क्रमांक सांगितला जातो, तो बरोबर असतो. मग गुन्हा, म्हणजे सिग्नल तोडला किंवा हेल्मेट नव्हते. रक्कम जाणूनबुजून लहान, पाचशे-हजाराची. त्यामागोमाग धमकी येते, ‘आज भरलं नाही तर लायसन्स रद्द, गाडी जप्त.’ आणि शेवटी सवलत, ‘आत्ता माझ्याकडेच मिटवून टाका.’ मिटवण्यासाठी मात्र आधार क्रमांक, बँकेच्या कार्डावरचे आकडे, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगावा लागतो. नाहीतर व्हॉट्सअॅपवर ‘आरटीओ चलान’ अशा नावाची एक फाइल येते आणि ती उघडायला सांगितले जाते.

क्रमांक त्याला कळलाच कसा, या प्रश्नावर बहुतेक जण हरतात. पण गाडीचा क्रमांक मुळात चारचौघांत दिसावा म्हणूनच पाटीवर लिहिलेला असतो. गाडी विकताना, विमा काढताना, कर्ज घेताना आरसी बुकाच्या झेरॉक्स किती टेबलांवर राहिल्या याचा हिशेब कुणीच ठेवत नाही. तेव्हा बोलणाऱ्याला गाडीचा क्रमांक आणि मालकाचे नाव ठाऊक असणे हा त्याच्या सरकारीपणाचा पुरावा होत नाही.

अशा माणसासाठी मराठीत नेमका शब्द आहे, तोतया. १७६१ साली पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन एक इसम पुढे आला, माणसे आणि किल्ले त्याच्या बाजूला गेले, आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. भाऊंचे काय झाले याची लोकांना पक्की खातरी नव्हती, त्या फटीतून तोतया आत शिरला. दंडसंहितेच्या मराठी पाठात या गुन्ह्याला ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’ असेच म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३१९ खाली येतो आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड वेगळे.

आजची फट ई-चलानच्या व्यवहारात आहे. पूर्वी दंड हवालदार समोरासमोर करी आणि पावती फाडून देई. आता कॅमेरा फोटो काढतो आणि चलान मोबाइलवर येते, तेही नोंदणीतल्या क्रमांकावर. विकलेली मोटारसायकल नव्या मालकाच्या नावावर केलेली नसेल, तर तिचा दंड जुन्या मालकाच्या नावे निघतो. त्यामुळे ‘आपण तिथे गेलोच नव्हतो’ हे उत्तर फोनवर लंगडे पडते. त्यात साहेबाशी उलट बोलायचे नाही ही आपली जुनी सवय. फसलेल्याला अडाणी म्हणणाऱ्यांचे मला नवल वाटते. निवृत्त शिक्षक आणि बँकवालेही या आवाजापुढे ‘हो साहेब’ म्हणतात.

खऱ्या चलानची रीत वेगळी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७अ हा नियम आला. त्यानुसार कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची असते, आणि तिच्यात गुन्ह्याचे छायाचित्र, जागा, दिवस व वेळ द्यावी लागते. महाराष्ट्र पोलिसांच्या महाट्रॅफिक ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की थकीत दंड दिसतो. संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असाच हवा. दंड मान्य नसेल तर तक्रार करता येते, लोकअदालतीत जाता येते. या सगळ्यात ओटीपी कुणाला तोंडाने सांगण्याची पायरी कुठेच नाही. म्हणून फोन आल्यावर हुज्जत न घालता एवढेच म्हणावे, ‘चलान नंबर सांगा, मी बघून भरतो.’ आणि फोन ठेवावा. त्याने पाठवलेल्या लिंकवर मात्र बघू नये.

फाइलचे प्रकरण जास्त घातक आहे. तिच्या नावाअखेर ‘एपीके’ असते, म्हणजे ते चलान नसून अॅप असते. बसवताना ते संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे जातात, आपण काही सांगण्याची गरजच उरत नाही. जुलै २०२४ मध्ये क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने अशाच बनावट चलान अॅपचा माग काढला, तेव्हा ४,४०० हून अधिक फोन बाधित झाल्याचे आणि त्यामागची टोळी व्हिएतनामी असल्याचे तिने सांगितले. खेड्यात एका फोनवर घरातल्या दोघातिघांची खाती जोडलेली असतात. पीक विमा, पीएम किसान, लाडकी बहीण, सगळ्याचे पैसे त्याच वाटेने येतात. पाचशेच्या दंडापायी काय पणाला लागते ते यावरून कळावे.

फाइल उघडली गेलीच, तर आधी नेट बंद करावे आणि दुसऱ्या फोनवरून १९३० लावावा. ही राष्ट्रीय सायबर मदतवाहिनी आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते गोठवण्याचा निरोप बँकेकडे जातो. पैसे पुढच्या खात्यांत फार लवकर फिरतात, म्हणून मुलगा कारखान्यावरून येईपर्यंत थांबू नये. स्वतःच्या बँकेलाही त्याच वेळी कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही, अशा प्रकरणात तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार येत नाही. लाजेखातर गप्प बसणाऱ्यांचे हे दिवस निघून जातात.

टोळी निघण्याआधी करण्याजोगे कामही आहे. नोंदणीतला मोबाइल क्रमांक परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर बदलता येतो. गाडी राज्यातच विकली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत तसे कळवायचे असते, त्यासाठी फॉर्म २९ आहे. घेणाऱ्याने ती फॉर्म ३० भरून आपल्या नावावर करून घ्यायची. हे बीडच्या किंवा, एमएच ४४ च्या गाड्यांसाठी, अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयात होते.