पेडलबोर्डवरील वीजपुरवठ्याचा स्विच : जागा आणि सुरक्षितता

इलेक्ट्रिक गिटारचा ध्वनी बदलणारी विविध पेडल्स ज्या फळीवर एकत्र बसविली जातात, तिला पेडलबोर्ड म्हणतात. पेडलवरील पायाने दाबायचा स्विच केवळ ध्वनिपरिणाम चालू-बंद करतो. वीजपुरवठा खंडित करीत नाही. त्यासाठी संपूर्ण बोर्डाला स्वतंत्र स्विच जोडावा लागतो. त्याची जागा पुरवठ्याच्या प्रकारानुसार ठरते.

सर्व पेडल्स एकाच ९ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालत असतील, तर अ‍ॅडॅप्टरपुढील धन तारेत स्विच घालणे पुरेसे असते. मात्र तो डी.सी. प्रवाहासाठी प्रमाणित असावा. ५० हर्ट्झचा ए.सी. प्रवाह सेकंदात १०० वेळा शून्यावर येत असल्याने स्विचमधील ठिणगी सहज विझते, डी.सी.मध्ये तसे घडत नाही.

पुरवठापेटीतून अनेक विलग जोडण्या निघत असतील, तर स्विच २३० व्होल्टच्या बाजूस घ्यावा लागतो. तेथे फेज व न्यूट्रल एकाच वेळी तोडणारा द्विध्रुवी स्विच वापरणे इष्ट असून हे काम जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. अर्थिंगची तार मात्र कदापि खंडित करू नये. १९७२ मध्ये ब्रिटनमधील स्वान्सी येथे लेस हार्वे हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन रंगमंचावरच मृत्युमुखी पडला. तात्पर्य, स्विच सोयीसाठी असला, तरी त्याची जागा सुरक्षिततेच्या निकषावरच निश्चित व्हावयास हवी.