संरक्षण खरेदीचा हिशेब कोणाला?

भारत सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद असून, त्यांतील १ लाख ८० हजार कोटी रुपये भांडवली खर्चाचे, म्हणजे प्रामुख्याने नवी विमाने, जहाजे, तोफा व अन्य सामग्री घेण्यासाठी राखलेले होते. संसदेने कायद्याने मंजुरी दिल्याखेरीज देशाच्या संचित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही, असा राज्यघटनेचा दंडक आहे. संरक्षणाच्या बाबतीत मात्र ही मंजुरी जितक्या सहज मिळते तितक्या सहज पुढचा हिशेब मिळत नाही, आणि त्याची कारणे भ्रष्टाचाराच्या गाजलेल्या प्रकरणांपेक्षा हिशेब घेण्याच्या पद्धतीतच अधिक सापडतात.

प्रत्येक मंत्रालयाचा खर्च लोकसभेपुढे ‘अनुदानाच्या मागण्या’ या रूपाने येतो. सर्व मागण्यांवर चर्चा करण्याइतका वेळ सभागृहाला नसल्याने, ठरलेल्या वेळी उरलेल्या मागण्या चर्चेविना एकत्र मतास टाकल्या जातात. या प्रथेला संसदीय परिभाषेत ‘गिलोटिन’ म्हणतात. मार्च २०१८ मध्ये सभागृहातील गदारोळात सर्वच मंत्रालयांच्या मागण्या अशा रीतीने संमत झाल्या आणि त्यांत संरक्षण मंत्रालयाच्याही होत्या. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या काम करतात. संरक्षणविषयक समितीत दोन्ही सभागृहांचे मिळून ३१ सदस्य असतात आणि ते मागण्यांची बारकाईने छाननी करतात. परंतु त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात आणि मंत्रालयाच्या दैनंदिन कारभारात लक्ष घालण्याची समितीला मुभा नसते.

करार करण्याचा अधिकार सर्वस्वी कार्यकारी शाखेचा आहे. कारगिल युद्धानंतर झालेल्या सुधारणांमधून २००१ मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली संरक्षण संपादन परिषद स्थापन झाली, २००२ पासून खरेदीची लेखी कार्यपद्धती अमलात आली आणि २०२० मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. तिच्यानुसार सेनादलाच्या मागणीला प्रथम परिषदेकडून गरजेची मान्यता मिळते, नंतर निविदा, तांत्रिक छाननी, प्रत्यक्ष चाचण्या आणि किमतीच्या वाटाघाटी होतात, आणि मोठ्या रकमेचा प्रस्ताव शेवटी पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीपुढे जातो. या साखळीत संसदेची कडी कोठेही नाही. तिचे काम करार झाल्यानंतर, बहुधा पैसे दिले गेल्यानंतर, सुरू होते.

हे काम दोन संस्थांवर सोपवलेले आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजेच कॅग, हे घटनेच्या १४८ व्या अनुच्छेदाने निर्माण केलेले स्वतंत्र पद असून, खर्च नियमानुसार झाला की नाही एवढेच नव्हे, तर मोबदला योग्य मिळाला की नाही हेही ते तपासते. त्याचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेत मांडले जातात आणि तेथून लोकलेखा समितीकडे जातात. या समितीत लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य असतात, मंत्र्याला तिचे सदस्य होता येत नाही आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. अहवालातील आक्षेपांवर कोणती कार्यवाही केली, याचे टिपण मंत्रालयाने चार महिन्यांत द्यावे, अशी अपेक्षा असते.

या व्यवस्थेची पहिली कसोटी स्वातंत्र्यानंतर लगेचच लागली. १९४८ मध्ये लंडनमधील भारतीय उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या मार्फत सैन्यासाठी जीपगाड्यांचा करार झाला. प्रत्यक्षात १५५ गाड्या आल्या आणि त्या निरुपयोगी ठरल्या. लोकलेखा समितीने हे प्रकरण लावून धरले, तरीही ३० सप्टेंबर १९५५ रोजी सरकारने ते मिटल्याचे जाहीर केले आणि काही महिन्यांतच मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले. जबाबदारी निश्चित करण्याची शिफारस संसदीय समितीने करावी आणि ती स्वीकारायची की नाही हे ज्याची चौकशी व्हायची त्याच सरकारने ठरवावे, ही विसंगती तेव्हापासून आहे.

बोफोर्स प्रकरणाने याच विसंगतीची दुसरी बाजू दाखवली. मार्च १९८६ मध्ये बोफोर्स या स्वीडिश कंपनीशी ४१० हॉवित्झर तोफांचा, सुमारे १,४३७ कोटी रुपयांचा करार झाला आणि पुढील वर्षी स्वीडिश रेडिओने दलाली दिली गेल्याचा आरोप केला. संयुक्त संसदीय समितीने १९८८ मध्ये सरकारला निर्दोष ठरवले. परंतु १९८९ मधील कॅगच्या अहवालाने निवडप्रक्रियेवर गंभीर आक्षेप घेतले, त्यावरून विरोधी खासदारांनी लोकसभेचे सामूहिक राजीनामे दिले आणि त्याच वर्षी सत्तांतर झाले. राजकीय शिक्षा झाली, न्यायालयीन मात्र झाली नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ आणि २००५ मध्ये प्रमुख आरोप रद्द केले. त्या तोफा कारगिलमध्ये उपयोगी पडल्या, पण पुढचा परदेशी तोफांचा मोठा करार व्हायला २०१६ उजाडले, कारण सही केल्यास संशय आणि न केल्यास काहीच नाही, असा हिशेब निर्णय घेणाऱ्यांच्या मनात पक्का झाला होता.

विलंबाची किंमतही जनताच मोजते, पण तिच्यावरून सभागृह बंद पडत नाही. मुंबईच्या माझगाव गोदीत सहा स्कॉर्पीन पाणबुड्या बांधण्याचा करार २००५ मध्ये झाला. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये मिळणे अपेक्षित होते. ‘कलवरी’ प्रत्यक्षात डिसेंबर २०१७ मध्ये आणि सहावी ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. ‘ऑफसेट’ या अटीचेही असेच झाले. परदेशी विक्रेत्याने कराराच्या किमतीचा ठरावीक हिस्सा भारतीय उद्योगातील खरेदी, गुंतवणूक किंवा तंत्रज्ञानाच्या रूपाने परत आणावा, अशी ही अट आहे. डिसेंबर २०१८ पर्यंत विक्रेत्यांनी १९,२२३ कोटी रुपयांची अशी बंधने पूर्ण करायला हवी होती. त्यांनी ११,३९६ कोटींचीच पूर्ण केल्याचा दावा केला, असे कॅगच्या २०२० च्या अहवालात आढळते.

राफेल करारात प्रश्न गोपनीयतेपाशी येऊन थांबला. ३६ विमानांचा करार सप्टेंबर २०१६ मध्ये झाला. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकशीच्या याचिका फेटाळताना, किमतीचा तपशील कॅगने आणि त्यांचा अहवाल लोकलेखा समितीने पाहिला आहे, असे निकालात नमूद केले. वस्तुतः असा अहवाल तोवर संसदेत आलाच नव्हता आणि ते वाक्य दुरुस्त करण्यासाठी सरकारलाच अर्ज करावा लागला. अहवाल मांडला गेला तो १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, त्या लोकसभेच्या अखेरच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, आणि त्यातील किमतीचे आकडे मंत्रालयाच्या आग्रहावरून झाकलेले होते. २०१६ चा करार त्याआधीच्या विमानखरेदीच्या प्रस्तावापेक्षा २.८६ टक्क्यांनी स्वस्त असल्याचा निष्कर्ष वाचकाला मिळाला, पण तो पडताळण्याचे साधन मिळाले नाही.

काही गोष्टी गुप्त राहिल्याच पाहिजेत, हे निर्विवाद आहे. जुलै २०१७ मध्ये कॅगने, सैन्याच्या दारूगोळ्याच्या सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या तीव्र युद्धालाही पुरणारा नाही, असे उघड अहवालात मांडले, तेव्हा डोकलाममध्ये भारत आणि चीनचे सैन्य समोरासमोर उभे होते. पुढे संरक्षणविषयक अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर ठेवणे थांबले, त्यामागे हीच चिंता होती. परंतु शत्रूपासून गुप्तता आणि लोकप्रतिनिधींपासून गुप्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत. लोकलेखा समितीच्या बैठका मुळातच बंद दाराआड होतात. तेथे पूर्ण आकडे ठेवल्याने कोणतेही गुपित फुटत नाही.

शिवाय हिशेब खर्चानंतरच मागावा, असेही नाही. अमेरिकेत १९८२ पासून असा नियम आहे की, मोठ्या शस्त्रप्रकल्पाचा खर्च ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढला तर संरक्षण विभागाने काँग्रेसला कळवलेच पाहिजे, आणि वाढ फारच मोठी असेल तर प्रकल्प देशासाठी अत्यावश्यक असल्याचे प्रमाणित न केल्यास तो रद्द होतो. भारतातही मोठ्या कराराची किंमत किंवा मुदत ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की स्थायी समितीला लेखी कळवणे, आणि न झाकलेला लेखापरीक्षण अहवाल लोकलेखा समितीला देणे, ही दोन्ही बंधने कायद्याने घालता येतील. आकडा गुप्त ठेवायचा की नाही, हा निर्णय जोवर करार करणाऱ्या मंत्रालयाच्याच हाती आहे, तोवर संसदेची मंजुरी पूर्ण आणि तिची देखरेख अर्धवट राहील.