तोच बीएमआय, निराळी शरीरं

2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. आकडा तोच, आणि चरबी दुपटीहून जास्त!

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे विमा कंपनी देणार की नाही, हे बरंचसं याच आकड्यावर ठरतं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की झाला बीएमआय. हे सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या अडॉल्फ केटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाचं. तो 'सरासरी माणूस' शोधत होता. कोणाच्या जठराला कात्री लावायची, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच.

आणि ती कात्री तरी काय करामत करते! 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात. पोट लहान होतं हे उघडच आहे. पण भुकेचं संप्रेरक, म्हणजे घ्रेलिन, मुख्यतः त्याच काढलेल्या भागात तयार होत असतं. त्यामुळे भूकच मंदावते. जठराच्या 'बायपास'मध्ये अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं आणि साखर उतरवणारं जीएलपी-1 हे संप्रेरक भराभर स्रवतं. अनेक मधुमेहींची साखर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते. अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर पोरिस यांनी 1995 साली हे मांडलं. मधुमेहावर आतड्याच्या वाटेने इलाज होतो, हे मला आजही थक्क करतं.

आता अटी पाहू. आपल्याकडे 'इर्डा' या विमा नियामक संस्थेने 2019 मध्ये विम्यातली स्थूलतेची अट प्रमाणित केली. वय किमान 18, डॉक्टरांचा सल्ला आणि बीएमआय 40 किंवा जास्त. 35 ते 40 च्या दरम्यान असेल, तर सोबत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, स्थूलतेमुळे दुबळा झालेला हृदयाचा स्नायू, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळणं) किंवा आटोक्यात न येणारा टाइप 2 मधुमेह यांपैकी एक तरी हवं; शिवाय आधीचे सौम्य उपाय फसलेले हवेत. 35 आणि 40 या रेषा 1991 च्या एका अमेरिकी परिषदेपासून चालत आल्या आहेत. शल्यविशारदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2022 मध्ये त्या खाली आणल्या आणि आशियाई लोकांसाठी 27.5 पासून पुढे शस्त्रक्रियेचा पर्याय सुचवला.

160 सेंटीमीटर उंचीच्या बाईचा हिशेब करा. 27.5 म्हणजे साधारण 70 किलो, 35 म्हणजे 90, 40 म्हणजे 102. डॉक्टर 70 किलोपासून विचार करू शकतात. विम्याचं दार 90 ला, तेही गंभीर आजार सोबत असेल तरच उघडतं. माझ्या मते ही रेषा भारतीय शरीरांसाठी नव्याने आखायलाच हवी.

तोवर, ज्यांच्या घरी हा विषय निघाला आहे त्यांनी पॉलिसीतलं स्थूलतेचं कलम आणि प्रतीक्षा कालावधी आधी वाचावा. आधीपासूनच्या आजारांसाठी तो 36 महिन्यांपर्यंत असू शकतो. आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, वजनाच्या नोंदी, रक्तातल्या साखरेच्या एचबीए1सी चाचणीचे आणि झोपेच्या तपासणीचे रिपोर्ट तारखेनुसार फाइलला लावा, आणि शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी कंपनीची मंजुरी लेखी मागा.